एका सेमिस्टरसाठी सहा लाख?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणारी विद्यार्थिनी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका यंत्रमागाच्या गावची. सध्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा जर्मनीतल्या एका उपयोजित विज्ञान विद्यापीठाशी करार आहे. त्यातून मार्च ते जुलै अशा एका सेमिस्टरसाठी तिची निवड झाली. तिथली शिकवणी फी माफ, राहण्याखाण्याचा खर्च आपला. व्हिसासाठी सहा लाख रुपये दाखवावे लागतील असं कळलं आणि घरात वाद सुरू झाला. वडिलांनी जुने दोन माग काढून एक सेकंडहँड रॅपियर (धोट्याशिवाय चालणारा आधुनिक माग) घ्यायला पैसे साठवलेत. ते म्हणतात, "सहा लाखांत माग येतो आणि माग रोज कापड देतो. तू डिग्री न घेताच परत येणार." आईला मुलगी परक्या देशात एकटी कशी राहणार याची काळजी आहे. मित्र म्हणतात, प्लेसमेंट हातची जाईल. तिथली क्रेडिट इथं धरणार का, असं विचारलं तर विभागातले सर म्हणाले, "आल्यावर बघू." तिचं म्हणणं असं: "ही संधी आयुष्यात एकदाच येते. गेले नाही तर मी कायमची मागे पडेन. पप्पांना कसं पटवू?" कॉलेजला तीन आठवड्यांत उत्तर द्यायचं आहे.

उत्तर

तुझं मूळ पत्र बरंच मोठं आहे. निवड कशी झाली, मुलाखतीत काय विचारलं, घरी कोण काय बोललं, ग्रुपवर काय चर्चा झाली, हे सगळं त्यात आहे. तिथं जाऊन तू कोणते विषय शिकणार, हे मात्र कुठेच नाही. पप्पांना कसं पटवू असं तू विचारतेस, पण ज्यावर एवढे पैसे लावायचे ती गोष्ट नेमकी काय आहे, हे अजून तुलाच पुरतं ठाऊक नाही असं मला वाटतं. यात तुझा दोष नाही. निवडीची बातमी येते, अभिनंदनाचे फोन येतात, कॉलेज फोटो लावतं. या गडबडीत हे शेवटी एक सेमिस्टर आहे, त्यात पाच-सहा पेपर द्यायचे आहेत, ही साधी गोष्ट मागे पडते.

आधी "आयुष्यात एकदाच" या समजुतीबद्दल. ती खरी नाही, आणि तिच्या दडपणाखाली निर्णय घेऊ नकोस. तुझ्या शाखेच्या मुलीला परदेशी शिकायच्या वाटा पुढेही आहेत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला आजही शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे फी सुरू केली, पण बाकी बरीच दारं उघडी आहेत. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस ही संयुक्त मास्टर्सची शिष्यवृत्ती फी भरते आणि वर महिन्याला १४०० युरो देते. ती मिळवणाऱ्यांत भारतीय मुलंमुली दरवर्षी मोठ्या संख्येने असतात. म्हणजे आत्ता नाही म्हणालीस तरी परदेशी शिक्षणाचा विषय संपत नाही. आणि हो म्हणालीस तरी नोकरी किंवा तिथलं वास्तव्य पक्कं होत नाही. एक्स्चेंजचा व्हिसा त्या सेमिस्टरच्या शिक्षणासाठी असतो.

मग जायचं कशासाठी? माझ्या मते एकच कारण पुरेसं आहे: इथं शिकायला मिळत नाही असं काही तिथं मिळणार असेल तर. आणि तुझ्या बाबतीत ते मिळू शकतं. तू ज्या प्रकारच्या विद्यापीठात जाते आहेस, तिथं प्राध्यापक व्हायला विद्यापीठाबाहेर काही वर्षं प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव सहसा सक्तीचा असतो. मशीन डिझाइन शिकवणारा माणूस आधी कारखान्यात मशीनवर राबलेला असतो. प्रयोगशाळेत गट लहान असतात. आपल्याकडे टर्म वर्क, जर्नल, सबमिशन यांत अर्धं सेमिस्टर जातं. तिथं बहुतेक लेक्चरला हजेरी कुणी विचारत नाही. पण बऱ्याच विषयांचा निकाल शेवटच्या एकाच परीक्षेवर ठरतो, आणि त्या परीक्षेसाठीही वेगळी नोंदणी स्वतःच करावी लागते. नोंदणीची तारीख गेली की पेपर गेला, कुणी आठवण करून देत नाही. पहिल्यांदा घराबाहेर राहणाऱ्या बऱ्याच मुलांना थंडीपेक्षा हे जड जातं.

तेव्हा आज संध्याकाळी त्या विद्यापीठाचं मोड्यूल हँडबुक उघडून बस. त्यात प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, क्रेडिट, परीक्षेची पद्धत आणि शिकवण्याची भाषा दिलेली असते. भाषा आधी बघ. तिथं बॅचलर्सचे बहुतेक विषय जर्मनमध्ये चालतात. एक्स्चेंजच्या मुलांसाठी इंग्रजी विषयांची वेगळी यादी असते, ती छोटी असते, आणि कधी कधी त्यात मॅनेजमेंट आणि संस्कृती परिचय यांचीच भर जास्त असते. तुझ्या सहाव्या सेमिस्टरच्या विषयांशी जुळणारे चार विषय तरी त्या यादीत सापडले पाहिजेत. ते सापडले नाहीत, तर पप्पांशी बोलायची वेळच येत नाही, तू स्वतःच नाही म्हण.

यादी बघताना घरच्या शेडचाही विचार कर. रॅपियर माग बनवणारी डोर्नियर ही कंपनी जर्मनीतल्या लिंडाऊची. पप्पांना ते नाव नक्की ऐकून माहीत असेल. तू गिरणीच चालवावीस असं मी सुचवत नाही. पण ड्राइव्ह, ऑटोमेशन, देखभाल असा एखादा विषय तू घेतलास, तर त्यात काय शिकणार हे पप्पांना समजावून सांगताना तुला शब्द शोधावे लागणार नाहीत, आणि ते जे उलट प्रश्न विचारतील ते तुझ्या वर्गातल्या कुणापेक्षाही नेमके असतील.

आता पप्पांबद्दल. "सहा लाखांत माग येतो" याला तू विरोध म्हणतेस. मला तो सरळ प्रश्न वाटतो, आणि अतिशय रास्त. आठ तास खडखडाटात उभं राहून जमवलेल्या पैशाचं काय होणार, हे विचारायचा त्यांना हक्क आहे. तुझी मावशी, तुझे सर, त्यांचा तो मित्र ज्याचा मुलगा अमेरिकेत आहे, अशा लोकांकडून दबाव आणून त्यांना पटवू नकोस. त्यांच्यासमोर हिशोब मांड, आणि तो मांडण्याआधी तुझ्या घरातला एक मोठा गैरसमज दूर कर.

ते सहा लाख फी नाहीत, आणि ते जर्मन सरकारला द्यायचेही नाहीत. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडावं लागतं. २०२४च्या सप्टेंबरपासून त्यात महिन्याला ९९२ युरोप्रमाणे रक्कम ठेवावी लागते. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात, युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख. हे खातं तुझ्याच नावावर असतं. तिथं पोचलीस की दर महिन्याला ९९२ युरो तुझ्या हातात येतात, आणि जे उरतील ते परत आणता येतात. म्हणजे पप्पांनी विचारायचा प्रश्न असा: सहा लाखांतले परत किती येणार?

ते शहरावर अवलंबून आहे. तू लिहिलेलं शहर पूर्व जर्मनीतलं आणि लहान आहे, हे तुझं नशीब. म्युनिकमध्ये खोलीच्या भाड्यातच निम्मे पैसे गेले असते. विद्यार्थी वसतिगृहाची खोली मिळाली तर भाडं साधारण २५० ते ३५० युरो. सरकारी आरोग्य विमा विद्यार्थ्यांना महिना १४०-१५० युरोच्या घरात पडतो. स्वतः रांधून खाल्लं आणि दुपारी विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे खानावळीत, जेवलीस, तर खाण्याला २०० ते २५० युरो पुरतात. सेमिस्टरची वर्गणी वेगळी, पण बहुतेक ठिकाणी तिच्यातच बस-ट्रेनचा पास येतो. घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क द्यावं लागतं. फ्लॅटमध्ये चौघं असाल तर ते वाटून घ्यायचं, हे आधीच ठरवा. शिवाय खोलीचं डिपॉझिट, व्हिसाचे ७५ युरो, आणि जाण्यायेण्याचं तिकीट, जे आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. या सगळ्यातून तुझ्या इथल्या हॉस्टेल-मेसचे पाच महिन्यांचे पैसे वजा कर. नीट राहिलीस तर महिना ८०० युरोत भागतं, आणि एकूण खर्च साडेचार-पाच लाखांच्या आसपास येतो. कॉलेजची इथली फी मात्र भरावीच लागेल. एक्स्चेंजचा व्यवहारच तो आहे: फी आपल्या घरच्या कॉलेजात भरायची आणि यजमानांनी माफ करायची.

(इतर वाचकांसाठी इथंच सांगते. "सेमिस्टर अब्रॉड" या नावाने एजंट काही पॅकेज विकतात, त्यात परदेशी विद्यापीठाची पूर्ण फी भरावी लागते. ते एक्स्चेंज नव्हे. तुमच्या कॉलेजचा त्या विद्यापीठाशी लेखी करार आहे का आणि त्यात फी माफ लिहिली आहे का, हे कागद हातात घेऊन बघा.)

पैसे कमी करायचा एक मार्ग तू विचारलेलाच नाहीस. तुमच्या कॉलेजचा करार इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेच्या क्रेडिट मोबिलिटीखाली येतो का, हे आंतरराष्ट्रीय कक्षात विचार. येत असेल तर भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च मिळू शकतो, आणि मग हा सगळा वाद तिथेच मिटतो. येत नसेल तर यजमान विद्यापीठाकडे डाआड या जर्मन शिष्यवृत्ती-संस्थेच्या निधीतून काही मदत आहे का, असा ईमेल लिही. जपानला जाणाऱ्या इतर वाचकांसाठी जासो या तिथल्या संस्थेची महिना ८०,००० येनची शिष्यवृत्ती असते, ती यजमान विद्यापीठामार्फतच मिळते. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मात्र पूर्ण मास्टर्स किंवा पीएचडीसाठी आहे, एका सेमिस्टरला ती लागू होत नाही. याबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं.

आता ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली त्याकडे येते. पप्पांचं नव्हे, सरांचं: "आल्यावर बघू."

सोफिया कोराडी नावाची इटालियन विद्यार्थिनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, तिथं कायद्याचं मास्टर्स करून रोमला परतली. रोमच्या विद्यापीठाने तिचं ते शिक्षण जमेस धरायला नकार दिला. सगळ्यांसमोर अपमान झाला आणि राहिलेले पेपर द्यावे लागले. पुढे तिने आयुष्यातली कितीतरी वर्षं एका गोष्टीच्या मागे लागून घालवली: दुसऱ्या देशात केलेला अभ्यास आपल्या विद्यापीठाने मान्य केलाच पाहिजे. त्या खटपटीतून १९८७ साली इरॅस्मस योजना उभी राहिली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. लोक तिला "मम्मा इरॅस्मस" म्हणत. युरोपातली एवढी मोठी विद्यार्थी-देवाणघेवाण मुळात याच भांडणातून जन्मली. आणि आज, इतक्या वर्षांनी, तुला कुणीतरी "आल्यावर बघू" म्हणतं, हे मला मान्य नाही. आल्यावर बघायचं नसतं, जायच्या आधी लिहून घ्यायचं असतं.

त्यासाठी लर्निंग ॲग्रीमेंट नावाचा कागद असतो. तिथं घेणार ते विषय एका बाजूला, त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार ते दुसऱ्या बाजूला, आणि खाली तीन सह्या: तुझी, आपल्या कॉलेजची, तिथल्या विद्यापीठाची. इरॅस्मसमध्ये तो सक्तीचा आहे. तुमचा करार इरॅस्मसखाली नसला तरी तोच नमुना वापरा, कुणी अडवत नाही. तो भरताना क्रेडिटचं गणित नीट समजून घे. युरोपात पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरची ३०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, ज्यात घरचा अभ्यासही येतो. आपल्याकडे सेमिस्टरला २०-२२ क्रेडिट असतात आणि ती मुख्यतः वर्गातल्या तासांवर मोजतात. म्हणून तिथला पाच क्रेडिटचा विषय इथं पाचाचा होत नाही, साधारण साडेतीनाचा होतो. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, तर परत आल्यावर तीन-चार क्रेडिट कमी भरतात आणि मग ज्युनिअर्सबरोबर बसून एखादा पेपर द्यावा लागतो.

गुणांचंही तसंच. तिथं १.० सर्वोत्तम, ४.० पास, ५.० नापास. तो आकडा तुमच्या दहाच्या सीजीपीएत कोणत्या सूत्राने बसवणार, की फक्त "पास" लिहून सीजीपीएतून वगळणार, हे परीक्षा विभागाकडून लेखी घे. तुझा सीजीपीए आत्ता ८.१ आहे. चुकीच्या सूत्राने तो खाली आला, तर दोष कुणाला देशील? स्वायत्त कॉलेज असल्याने हा निर्णय तुमच्या अ‍ॅकॅडमिक कौन्सिलच्या हातात आहे, मुख्य विद्यापीठाकडे फाइल पाठवायची गरज बहुधा पडणार नाही. म्हणूनच तीन आठवड्यांत हे होऊ शकतं. सरांना ईमेल कर, तोंडी विचारू नकोस. ईमेलला उत्तर द्यावं लागतं.

प्लेसमेंटबद्दल मित्र अर्धं खरं सांगताहेत. सातव्या सेमिस्टरच्या तोंडावर, जुलै-ऑगस्टपासून कंपन्या यायला लागतात. तुझी तिथली परीक्षा जुलैच्या मध्यापर्यंत किंवा थोडी पुढे संपेल, म्हणजे तू फार तर पहिले दोन-तीन आठवडे चुकवशील, आणि बऱ्याच कंपन्यांची पहिली चाचणी आता ऑनलाइनच असते. खरी अडचण वेगळी आहे. जर्मन विद्यापीठाची गुणपत्रिका हातात यायला परीक्षेनंतर कित्येक आठवडे जातात. तोवर इथल्या सिस्टिममध्ये तुझं सहावं सेमिस्टर कोरं दिसेल, आणि "ॲक्टिव्ह बॅकलॉग (न सुटलेला विषय) नको" ही अट लावणारी कंपनी तुझं नाव आपोआप गाळेल. तेव्हा कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडून, म्हणजे टीपीओंकडून, आत्ताच पत्र ठरवून घे: ही विद्यार्थिनी एक्स्चेंजवर होती, निकाल येणे आहे, बॅकलॉग नाही, बसायला पात्र आहे. असं पत्र द्यायला ते तयार नसतील, तर मी जायचा सल्ला देणार नाही, कारण तुझ्या घरात पहिल्या पगाराची वाट बघितली जाते आहे, हे तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसतं.

आईच्या काळजीला "काही होत नाही गं" हे उत्तर नाही. तिला वसतिगृहाचा पत्ता, खोलीचा फोटो, तिथल्या आंतरराष्ट्रीय कक्षातल्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर असलेला कागद दे. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच भाजी आणायची, पोचल्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, अशा बारीक गोष्टी तुला माहीत आहेत हे तिला दिसलं की तिचा जीव थोडा भांड्यात पडेल. जानेवारी-फेब्रुवारीत तुझं इथलं सेमिस्टर सुरू झालेलं असेल आणि तू धड इथं नाहीस, तिथं नाहीस अशी असशील. तो काळ जर्मनच्या ए-१ या पहिल्या पातळीला लाव, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्समुल्लर भवन आहे. आणि तिथं गेल्यावर पाच भारतीय मुलांच्या फ्लॅटमध्ये पोळी-भाजीची वाटणी करत सेमिस्टर काढू नकोस. सोबत हवी, पण तेवढीच असेल तर पप्पांचा मागच बरा होता असं मीही म्हणेन.

माझं मत विचारशील तर असं आहे. जुळणारे चार विषय, सह्या झालेलं लर्निंग ॲग्रीमेंट आणि टीपीओंचं पत्र या तीन गोष्टी मुदतीच्या आत हातात आल्या, तर जा, आणि पप्पांकडून ते पैसे मागताना संकोचू नकोस. पण निम्मी रक्कम नोकरी लागल्यावर किती महिन्यांत परत करणार, हे त्यांच्याच वहीत तुझ्या अक्षरात लिहून दे. ते कदाचित घेणार नाहीत, तरी लिही. तिथं पार्टटाइम काम करून पैसे फेडण्याचा बेत यात धरू नकोस. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची मुभा आहे हे खरं, पण भाषा येत नसताना पाच महिन्यांत काम शोधायला गेलीस तर ज्यासाठी गेलीस तो अभ्यासच बुडेल.

आणि या तिनांतलं एक जरी अडलं, तर शांतपणे नाही म्हण, रॅपियर येऊ दे, आणि डिग्रीनंतरच्या मास्टर्ससाठी आत्तापासून जर्मन शिकायला लाग. जर्मनच्या बी-१ या मधल्या पातळीपर्यंत पोचलेली, सीजीपीए टिकवलेली मेकॅनिकलची मुलगी दोन वर्षांनी जास्त चांगल्या जागी उभी असेल. हा दुसरा पर्याय मी समजूत काढायला सांगत नाही, काही मुलांसाठी तोच जास्त शहाणपणाचा असतो.

एक विनंती. नाही म्हणायचं ठरलं, तर ते शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नकोस. निवड यादीत तुझ्यामागे कुणीतरी उभं असेल, आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटला वेळ लागतो. त्या मुलालाही घरी बसून हाच हिशोब मांडायचा आहे, त्याला त्यासाठी आठ-दहा दिवस तरी मिळायला हवेत.